नळीत मुरलेला वास

कोची, मार्च १९९६

तीर्थरूप आबांस, कोचीच्या धक्क्यावरनं विजयसिंहचा नमस्कार.

मी बरा हाय. फकस्त मी कामाला हाय त्या शिडाच्या बोटीतल्या संडासाचा वास जाईना झालता. मालक वरनं अत्तर फवारत हुता आणि मैल्याची टाकी मी धूत न्हाय असा संशय धरत हुता. मला संशय संडासातनं टाकीत जाणाऱ्या नळीचा. गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं नळीला गुंडाळलं, गार झाल्यावर हुंगलं. फडकंच घाण मारत हुतं, म्हंजे वास नळीतच मुरलेला! नळी बदलली, वास गेला.

आबा, तुमच्या पत्रात 'सगळं बेस हाय' असं परत परत लिहिलंय. खाली म्हणतायसा, 'डेअरीला दूध मीच घालतोय.' ते काम आईचं की! तिचा निरोप बी न्हाय. वरनं अत्तर न फवारता लिवा, आईला काय झालंय?

तुमचा,
विजू