पालथ्या तांब्यावरचा पेला

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

आज रोजनिशी लिहायला उशीर झाला.

दिवा लावताना पालथ्या तांब्यावरचा पेला पडला. त्र्याण्णवच्या त्या भूकंपापासून मी असा पेला ठेवतो. जमीन हलली की आधी तो पडतो. नांदेडचे रशीदभाईही ठेवायचे. फोनवरच्या ग्रुपात ओळख झाली, सहा वर्षांत प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. माझा पेला पडला की मी विचारायचो, "तिकडं पडला का?" ते लिहायचे, "न्हाई दादाराव, तुमचं मांजर लई माजलंय." मग मी निवांत झोपायचो.

शुक्रवारी रशीदभाई गेले. त्यांच्या सूनबाईंनी त्यांच्याच फोनवरून कळवलं.

आता खरं-खोटं कुणाला विचारू? नात वरच्या खोलीत क्लासचा अभ्यास करते. हाक मारली तर म्हणाली, "आबा, मांजर असंल. उद्या पेपर हाय, मी उतरणार न्हाई."

पण मांजर तर माझ्या पायाशी झोपलेलं होतं.

शेवटी रशीदभाईंच्याच नंबरवर लिहिलं: सूनबाई, अब्बांचा पेला कुणी उचलून तर ठेवला नाही ना? जागेवर असेल तर पडलाय का बघा. लवकर कळवा, पोरगी वर आहे.