उजव्या सीटचं वजन

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार. तुमच्या डाव्या गुडघ्यालाही वेगळा नमस्कार, कारण गेल्या पत्रात तुमच्यापेक्षा त्याचीच खुशाली जास्त होती. शेक घेताय ना? घ्या. इकडे सगळं ठीक, म्हणजे सगळे जागच्या जागी आहोत. तुमची बहीण ठणठणीत आहे. ती माझ्याशी कामापुरतंच बोलते हे तुम्हाला ठाऊक असणारच, कारण माझ्याशी न बोललेलं सगळं ती तुमच्याशी फोनवर बोलते. (भिंतीपलीकडून ऐकू येतं. "वेड लागलंय त्यांना" इथपर्यंत स्पष्ट. पुढे ती हसते की रडते ते कळत नाही.) तेव्हा एक बाजू तुमच्या कानावर गेलेलीच आहे. दुसरी लिहायला आज बसलोय. खरं तर दमलोय. पाठ धरलीय, मान धरलीय, आणि जन्मभर गाद्या विकलेल्या माणसाची पाठ धरावी, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

मुळात मला विमान चालवायचं नव्हतं. आमचं घर तुम्ही पाहिलंय. खाली गाद्यांचं दुकान, वर आम्ही आणि आमच्यावर विमानं. त्या उड्डाणशाळेची पोरं शिकताना एकाच वाटेनं गोल गोल फिरतात आणि पाण्याच्या टाकीपाशी वळली की बरोबर आमच्या गच्चीवर येतात. त्यामुळे लग्न झाल्यापासून आम्ही दोघं वाक्यं अर्धी सोडत आलोय. "या गादीतला कापूस..." म्हणायला जावं की आलंच विमान. मग थांबायचं, गिऱ्हाइकाकडे बघून उगाच हसायचं आणि ते गेलं की "...एकदम अस्सल" म्हणायचं. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा विचार बदललेला असतो. घरात तेच. आमची निम्मी भांडणं विमानांनीच मिटवली, कारण घरघर संपेपर्यंत आपण कशावरून तापलो होतो ते दोघांनाही आठवायचं नाही. शेवटी तुमच्या बहिणीनंच मला पाठवलं. म्हणाली, जा आणि एकदाचं सांगून या त्यांना, म्हणावं, या वयात तरी बाईला एखादं वाक्य पुरं करू द्या.

गेलो तावातावानं. तिथले मुख्य सर म्हणजे पांढऱ्या मिशांचा, थंड डोक्याचा माणूस. (असल्या माणसाशी भांडण होत नाही. आपणच वाफ सोडून गार होतो.) त्यांनी तक्रार ऐकून घेतली, चहा पाजला आणि म्हणाले, पलीकडे टेकडी आहे, वळायला तेवढी एकच जागा; पटत नसेल तर चला, वरून दाखवतो. इथंच मी नाही म्हणायला हवं होतं. पण फुकट दाखवतो म्हटलं की दुकानदाराचा पाय आपोआप उचलतो. टाकी आली, विमान वळलं आणि खाली आमची गच्ची दिसली. उन्हात टाकलेल्या गाद्या, पोस्टाच्या तिकिटांएवढ्या. त्यांच्या मधोमध तुमची बहीण, हातात काठी घेऊन एकेक गादी झोडपत होती. एवढ्याशा चौकोनात आपण सगळा जन्म काढला आणि ही रोज इथं उन्हात एकटी उभी असते, हे मला खालून कधी दिसलंच नव्हतं. खाली उतरलो तो तक्रार विसरलो आणि शाळेत नाव घालून घरी आलो. दारातच तिनं विचारलं, "काय म्हणाले? बंद करणार?" मी म्हटलं, "नाही, सोमवारपासून मीसुद्धा..." आणि वरून विमान गेलं. ते जाईपर्यंत माझा चेहरा बघून तिला उरलेलं वाक्य कळलं होतं. त्या दिवसापासून ती कामापुरती बोलायला लागली.

शिकवायला मला एक मुलगी मिळाली. आमच्या लेकीपेक्षाही लहान असेल. जमिनीवर मला काका म्हणते. वर गेल्यावर काहीच म्हणत नाही, नुसती गुणगुणते. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, पोरगी खुशीत आहे. पुढे लक्षात आलं की माझं काही चुकत असलं की ही गुणगुणते. थोडं चुकलं तर हळू, जास्त चुकलं तर मोठ्यानं. उतरताना जमीन अंगावर यायला लागली की हिची तान लागलीच म्हणून समजा. (बाकीची शिकाऊ मंडळी शाळेच्या गच्चीवर उभी राहून माझं उतरणं बघायची. "गादीकाका आले, गादीकाका आले," म्हणायची. एवढा मऊ धंदा आणि एवढं कडक उतरणं कुणी पाहिलं नव्हतं.)

पण खरा घोटाळा झाला रेडिओचा. विमानातून मनोऱ्यावरच्या माणसाला सारखं सांगावं लागतं की मी अमुक, मी तमुक ठिकाणी, मी उतरतोय. चार शब्दांचं काम. पण माझी जन्माची सवय तुम्हाला आत्ताच सांगितली. विमानाचा आवाज कानावर आला की माझं वाक्य अर्ध्यात थांबतं. आणि विमानात तर आवाज बंदच होत नाही! मी म्हणायचो, "मी टाकीपाशी आलोय आणि आता..." आणि आवाज जायची वाट बघत बसायचो. तिकडे मनोऱ्यावरचा माणूस वाट बघायचा. मध्ये गुणगुण चढत जायची. एकदा तर मागून येणाऱ्या विमानातल्या पोरानंच माझं वाक्य पुरं केलं, "गादीकाका उतरतायत." मुख्य सरांनी बोलावून घेतलं आणि अगदी मायेनं म्हणाले, तुमचं वाक्य पुरं झाल्याशिवाय मला तुम्हाला एकट्याला सोडता येणार नाही. इतकी मोठी मोठी यंत्रं मला जमली आणि मी अडलो जिभेपाशी.

घरी येऊन जेवताना हे सांगितलं. सांगितलं म्हणजे भिंतीकडे बघून बोललो, कारण ती ताटाकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी आरशासमोर उभा राहून रेडिओचं वाक्य घोकत होतो, तर स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. मी थांबलो. मिक्सरही थांबला. मी पुन्हा सुरुवात केली, मिक्सर पुन्हा सुरू. जाऊन बघतो तर भांड्यात काही नाही! रिकामा मिक्सर, आणि त्यावर हात ठेवून ही खिडकीबाहेर बघतेय. मी परत आरशासमोर जाऊन उभा राहिलो. पुढे कितीतरी दिवस सकाळी आमच्याकडे रिकामा मिक्सर चालायचा आणि मी त्याच्यावर ओरडून वाक्य पुरं करायचो. मिक्सर गेला बिचारा, पण माझी जीभ सुटली.

आता तुमच्या शर्टाबद्दल. इथं प्रथा अशी की ज्या दिवशी विद्यार्थी पहिल्यांदा एकटा उडून सुखरूप उतरतो, त्या दिवशी त्याच्या अंगातल्या शर्टाची पाठ कातरीनं कापतात आणि भिंतीवर टांगतात. म्हणून शहाणी माणसं रोज जुनापाना शर्ट घालून जातात. मीही जात होतो. माझी वेळ येईना. माझ्यामागून आलेल्या पोरांच्या पाठी भिंतीवर लागल्या. शेवटी माझा तो शर्ट धुऊन धुऊन आपल्या मरणानंच फाटला. त्या सकाळी वैतागून तुम्ही पाठवलेला निळा, बारीक चौकड्यांचा शर्ट चढवला. म्हटलं, आपल्यावर कोण कातर चालवतंय! आणि नेमकं त्याच दिवशी आमच्या शिकवणाऱ्या बाई एक फेरी झाल्यावर पट्टा सोडून खाली उतरल्या. म्हणाल्या, "काका, जा. एक चक्कर मारून या. मी इथंच उभी आहे." दार लावलं. इंजिन चालू असलेल्या विमानात मी एकटा. उजवी सीट रिकामी, तिचा पट्टा नीट लावून ठेवलेला. विमानाला एका माणसाचं ओझं कमी झाल्याचं लगेच कळतं बरं का! नेहमीच्या आधीच ते उचललं गेलं आणि भराभरा चढलं. टाकीपाशी मी सवयीनं उजवीकडे बघून म्हटलं, "बघ, आपली गच्ची." बघायला कोण होतं तिथं? गुणगुणायलाही कुणी नव्हतं, म्हणून मग मीच गुणगुणलो. खाली गच्चीवर ही उभी होती. एरवी माझं विमान आलं की पाठ फिरवून आत जायची. त्या दिवशी कपाळावर हात धरून वर बघत राहिली.

उतरताना तीन उड्या मारल्या. (मोजताना एकच धरतात, काळजी नसावी.) मग सगळ्यांनी मिळून तुमचा शर्ट कापला. अर्ध्या पाठीच्या शर्टानं घरी आलो, मागून बनियन दिसत होतं. वाटलं आता ऐकावं लागणार. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली, "आज एकटेच होतात ना? विमान रोजच्यापेक्षा वर होतं." एवढंच. मी आत जाऊन तोंड धुतलं. दोनदा धुतलं.

त्यानंतरच्या परीक्षांचं रडगाणं सांगत नाही. पास झालो, परवा परवाना हातात आला. आता मी दुसऱ्या माणसाला शेजारी बसवून नेऊ शकतो. आणि बसायला माणूस नाही! लेक म्हणते, सध्या सुट्टी नाही. (मी तारीख सांगितलीच नव्हती.) दुकानातल्या पिंजाऱ्यानं हात जोडले, म्हणाला, मालक, माझी लेकरं लहान आहेत. त्याच्या धाकट्या लेकराचं लग्न ठरलंय. तुमच्या बहिणीला विचारलं तर म्हणाली, "माझे पाय जमिनीवर बरे आहेत." आणखी एक भानगड आहे. लहानशा विमानात शेजारच्याचं वजन नक्की ठाऊक असावं लागतं. तेवढं पाहूनच पेट्रोल किती भरायचं ते ठरतं. माझा तर जन्म लोकांची वजनं विचारण्यात गेला, वजनाशिवाय गादी भरता येत नाही. लोक वजन खोटं सांगतात, सगळे सांगतात. आपण मान डोलवायची आणि मनात पाच किलो मिळवायचे, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. फक्त तुमच्या बहिणीनं मला आजवर खोटंसुद्धा वजन सांगितलेलं नाही. आमच्या पलंगावरची गादी मी अंदाजानंच भरली. ती एका बाजूनं खचलीय. कुणाच्या, यावर घरात चर्चा होत नाही.

असो. फार लिहिलं. हात दुखायला लागला. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
गादीवाला मेहुणा

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण वर कुठेच आलं नाही, तुमच्या लक्षात आलंच असेल. ती जगात फक्त तुमचं ऐकते. गुडघा जरा बरा असला तर आठ दिवस इकडे या आणि तिला एवढंच सांगा की एकदा, एकदाच, माझ्या उजव्या बाजूला बस. मला दुसरं कुणी नकोय हो. मी हे सगळं कशासाठी केलं ते तिला जमिनीवरून सांगता येत नाही, वाक्य पुरं होत नाही. तिला वर नेऊन ती गच्ची दाखवायचीय.

पुन्हा ता. क. : येताना शर्ट आणला तर माप तेच.

शेवटचा ता. क. : पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात ही दुकानात आली. गिऱ्हाइकं बसलेली. म्हणाली, "मी काय म्हणते..." आणि वरून विमान आलं. मी सवयीप्रमाणे थांबलो. ती थांबली नाही! आवाज चढवत चढवत तिनं वाक्य पुरं केलं, आणि शेवटचा आकडा नेमका विमान पुढे गेल्यावर, अख्ख्या शांततेत, सगळ्या दुकानाला ऐकू गेला. तिनं आपलं वजन सांगितलं, दादा. समोरच्या चहावाल्यानंसुद्धा मान वर केली. मग पदर सावरून म्हणाली, "रविवारी सकाळी. ऊन चढायच्या आत." आणि जिना चढून गेली.

तेव्हा तुम्ही यायची तसदी घेऊ नका, गुडघा सांभाळा. आकडा काही मी तुम्हाला कळवणार नाही. त्यात पाच मिळवलेले नाहीत. तिनं माझ्यावर विश्वास टाकला, तर तिच्या शब्दावर मी टाकायला नको? पेट्रोल मात्र पाच किलोनं कमी भरणार आहे. हे तिला फोनवर सांगू नका.