उजव्या रांगेची रोपं

केंट, मंगळवार, ९ जून १८७४

आदरणीय लँगरिशसाहेब,

काचघरातली किडेखाऊ रोपं सुखरूप आहेत. तुम्ही बजावल्याप्रमाणे डाव्या रांगेला रोज मांसाचे कण दिले आणि उजवी रांग उपाशी ठेवली. पण नवव्या दिवशी उजवीकडची पानं आ वासून बसलेली पाहिली आणि मला राहवेना. तेव्हापासून माझ्या पावावरचं चीज मी त्यांना भरवतो. स्वयंपाकीण मिसेस टिबेट म्हणाली, "जोसाया, झाडांची आई झालास की रे! आणि तू काय हवा खाऊन राहणार?"

काल तुमचं पत्र आलं. मी पाठवलेली मापं पाहून तुम्ही लिहिलंत, "उपाशी रोपंही तितकीच वाढली, हे नवल निबंधात घालतो." साहेब, मापं अचूक आहेत. उपाशी मात्र कुणीच नव्हतं.

निबंध शनिवारी लंडनला जाणार. तुमची पत्रं बाईसाहेब तुम्हाला वाचून दाखवतात. हे वाचता वाचताच त्या मला माफ करून टाकतील, आणि मग तुम्हाला रागावता यायचं नाही. म्हणून हे पाठवत नाही. उद्या स्टेशनवर तुम्हाला घ्यायला येईन, तेव्हा तोंडानेच सांगेन. आधी पोटभर रागवा.

तुमच्याच काचघरातला,
जोसाया पेनफोल्ड