माझ्या घरातून हाक आली तर ती खरी समजावी

मी, भारत कचरू ओव्हाळ, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा नाटक शिकवणे, राहणार तलवाड्याजवळची वस्ती, तालुका गेवराई, जिल्हा बीड, पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. अशा कागदात 'माझ्यावर कुणाचाही दबाव नाही' असं लिहायची रीत आहे. माझ्यावर दबाव आहे. पण तो नाटक बंद करण्यासाठी आहे, मिळकतीसाठी नाही, म्हणून कोर्टाने हा कागद खोटा धरू नये. मी भ्यालेलो आहे. भ्यालेला माणूसही शुद्धीवर असतो.

१. राहतं घर, पुढच्या ओट्यासह, आणि पोस्टातली शिल्लक पत्नी सरूबाई हिला. तिच्या हयातीत तिला तिथून कुणी उठवू नये. सध्या ती मुलीकडे मांजरसुंब्याला आहे. इथे पाणी नाही म्हणून गेली, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. खरं म्हणजे तिला काही होऊ नये म्हणून मीच पाठवली.

२. मेकअपची पेटी, टोप, मिशा आणि कपडे विहारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या माझ्या वर्गाला. वर्गात पहिलीतली पोरं येतात, बीडला भरतीचा क्लास करून नोकरीविना परतलेली पोरं येतात, नातवंडं झालेल्या बायाही येतात. जो बोलताना अडखळतो त्याला आधी घ्यावं. रामकिसनला मात्र पेटीला हात लावू देऊ नये. तो मिशा लावून लग्नाला जातो आणि परत करत नाही.

३. मोठा आरसा थोरले बंधू सर्जेराव यांना. त्यांनी मला चार लोकांत सोंगाड्या म्हटलं आणि पोरीच्या लग्नाला आले नाहीत. आरशात रोज बघावं, कदाचित राग निवळेल.

४. आता ज्यामुळे हा कागद लिहावा लागला ते. माझ्या वर्गात शिकणाऱ्याने ओळखीच्या माणसाची चाल उचलून आणायची आणि बाकीच्यांनी ती कुणाची ते ओळखायचं, असा धडा आहे. मालनबाई जगताप यांच्या दोन म्हशी चारा छावणीत आहेत. त्यांनी काठी काखेत धरून, मान मागे टाकून, जास्तीचा सरकारी चारा उचलायला एकच म्हैस पुन्हा पुन्हा मोजणारा माणूस करून दाखवला. सगळा वर्ग हसला आणि मी शेडचं दार ओढून घेतलं. छावणी चालवणाऱ्या सोसायटीचे चेअरमन तसेच चालतात. त्यांचं नाव लिहायची माझी हिंमत नाही. तरी सगळ्यांच्या आग्रहाने त्या सोंगाचं नाटक बसवलं आणि बुद्धजयंतीला करायचं ठरलं.

मग भरदुपारी दोन माणसं घरी आली. एक दाराला पाठ लावून उभा राहिला. दुसऱ्याने माझा गळा धरला. "त्या म्हशीवाल्या म्हातारीला घरी बसवा मास्तर. न्हाई तर तुमचं लई अवघड हाय." मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "धावा, मारतेत मला!" पण मरणाच्या प्रसंगाची तालीम मी नेहमी घरीच घेतो. वस्तीला माझ्या किंकाळ्यांची सवय आहे. शेजारी धोंडीराम बाहेरून म्हणाला, "मास्तर, आज लई भारी जमलं." त्या दोघांना हसू आवरेना. जाताना एक म्हणाला, "वरड बे अजून. कोन येतंय बघू."

५. तेव्हापासून टँकर आला तरी घागर घेऊन एकट्याने ओट्याखाली उतरायला पाय धजत नाही. मी विहिरीत बुडून मेलो असं कुणी सांगितलं तर मानू नये. यंदा एकाही विहिरीला पाणी नाही. दारूच्या नशेत पडलो म्हणाले तर तेही मानू नये. मी पीत नाही.

६. मालनबाईंना मी हात जोडून म्हणालो, "मावशी, ते सोंग सोडा."

"कावून? भ्या वाटलं तरी वाक्य गिळू नका, आसं तुमीच शिकिवलं."

"मी खरंच भितोय."

"मंग भ्या की. कोन न्हाई म्हनतंय? पन म्हशी माज्या हायत. चारा त्येंच्या नावाचा येतो आन् त्या उपाशी हायत."

नाटक होईल. ते बंद ठेवण्याचा अधिकार मी कुणाला देत नाही, स्वतःलाही नाही.

७. आजपासून ओरडण्याची तालीम बंद, घरीही आणि वर्गातही. लहान पोरांनीही खोटं 'धावा' म्हणू नये. माझ्या घरातून आवाज आला तर तो खरा समजावा आणि यावं. हे मी धोंडीरामला सोबत घेऊन घरोघर जाऊन सांगितलं आहे. लोक माना डोलवतात. येतील की नाही, कळत नाही. मला मरायचं नाही.

८. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करावा. शोकसभेत माझ्या विद्यार्थ्यांनी रडून दाखवू नये. ज्याला येईल त्याने रडावं.

हे सर्व मी स्वतःच्या हाताने लिहिलं, पुन्हा वाचलं आणि खाली सही केली.

ठिकाण: तलवाडा
तारीख: १२ मे २०१३
सही: भारत कचरू ओव्हाळ

साक्षीदार

१. मालनबाई जगताप, निशाणी डावा अंगठा.

२. धोंडीराम सटवा सोनवणे. मास्तरांनी आम्हा दोघांसमोर सही केली. मध्येच पेन खाली ठेवला, मग पुन्हा उचलून पुरी केली. मला एक लिहायचं आहे, ते मास्तरांना विचारून लिहितो. मास्तर आता दिवसाही आतून कडी लावून बसतात. ती लावू नये. आम्ही आलो तर दार मोडण्यात वेळ जाईल.