तुझा बोर्ड आणि माझा नवा फोन

आई, गेल्या महिन्यात मी नवा मोबाइल घेतला, आणि दुकानात उभ्या उभ्या मला सारखी तूच आठवत राहिलीस. तू गेलीस तेव्हा आपल्याकडे मोबाइल आलेच नव्हते, म्हणून ते काय असतं ते आधी सांगते. जुन्नरच्या टेलिफोन एक्सचेंजमधला तुझा तो बोर्ड, त्याच्या सगळ्या भोकांसकट आणि दोऱ्यांसकट, एवढासा करून पर्समध्ये घातला आहे असं समज. त्यातून फोन होतो, पत्रं जातात, फोटो निघतात, बँकेचं काम होतं, आणि कोणाचा नंबर काय याची वहीही त्यातच असते. फक्त बोर्डापुढे बसणारी बाई नसते. हे यंत्र कोणाचं ऐकतं आणि कोणाला सांगतं, हे ज्याचं त्याने बघायचं. आमच्यातल्या बहुतेकांना ते बघता येत नाही. मलाही येत नव्हतं. त्यापायी एका मुलीवर काय वेळ आली, ते तुला सांगायचं आहे.

मला ती एक्सचेंजची खोली अजून तशीच दिसते. मे महिना आहे, मी मिशनच्या सिस्टरांच्या निवासी शाळेतून सुट्टीला घरी आले आहे, आणि डबा द्यायच्या निमित्ताने तुझ्यामागच्या स्टुलावर येऊन बसले आहे. बोर्डावर एक छोटी झाकणी टक्कन पडते, म्हणजे कोणाला तरी फोन जोडून हवा असतो. तू दोरी खोचतेस, कळ पुढे करतेस, ‘नंबर प्लीज’ म्हणतेस. मग दुसरी दोरी. पलीकडून कोणी ‘हॅलो’ म्हटलं की ‘बोला’ एवढंच म्हणून तू कळ मागे घेतेस. त्या कळेचं काम मी तुला एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, ती पुढे असली की मला ऐकू येतं, मागे घेतली की नाही. दिवसातून शंभरदा तू ती मागे घेत होतीस, आणि ती घेतेस की नाही हे बघायला त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तीन मिनिटं झाल्याचं सांगायलाच काय ती पुन्हा पुढे करायचीस, तेही आधी जरा खाकरून.

बटाट्याचे एक अडते रोज सकाळी पुण्याला ट्रंक कॉल लावायचे. एकदा त्यांच्या पलीकडच्या गाळ्यातले दुसरे अडते खिडकीशी येऊन गोड आवाजात म्हणाले, “बाई, सकाळी काय भाव निघाला हो पुन्याला? त्यांचं बोलणं तुमच्यावरूनच गेलं आसंल की.”

“गेलं असेल. मी ऐकलं नाही.”

“कान काय घरी ठिवून येता का काय?”

“कान सरकारचे आहेत, भाऊ. ड्यूटी संपली की इथंच जमा करून जाते.”

ते हसत हसत गेले. तूही हसलीस, पण तुझा हात कळेवरच होता. गावातल्या कित्येक घरांत तुला उंबऱ्याच्या आत बोलवत नसत. आपण बौद्धवाडीतले, हे तुझ्या सरकारी नोकरीने कोणी विसरलं नव्हतं. आणि त्याच घरांमधली भांडणं, आजारपणं, ठरलेली आणि मोडलेली लग्नं रोज तुझ्या हातांतून जात होती. मनात आणलं असतं तर एका शब्दावर तू कोणाचंही तोंड उतरवू शकली असतीस. हे मला तेव्हा कळलं नाही. मी फक्त पाहत होते की माझी आई किती भराभर दोऱ्या खोचते.

आणि त्याच सुट्टीत मी ते केलं. तू माठातलं पाणी आणायला मागे गेलीस, तेवढ्यात झाकणी पडली. मी तुझा हेडफोन कानाला लावला, दोरी खोचली, तुझ्यासारखंच ‘नंबर प्लीज’ म्हणाले. जोडूनही दिलं. कळ मात्र मागे घेतली नाही. आपल्या पुढच्या आळीतल्या एका मुलीच्या लग्नाला मुलाकडच्यांनी नकार दिला होता, ते मी सगळं ऐकलं आणि संध्याकाळी नळावर मैत्रिणीला सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आळीभर तेच. त्या मुलीला घराबाहेर पडायची सोय राहिली नाही.

तू मला मारलं नाहीस. साडी बदललीस, माझी वेणी घातलीस आणि मला त्या घरी घेऊन गेलीस. तिथे तुझ्यासाठी एक वेगळा कप ओसरीच्या फळीवर पालथा घातलेला असे. तू ओसरीखाली उभी राहून त्या मुलीच्या आईला म्हणालीस, “काल तुमचं बोलणं माझ्या मुलीनं ऐकलं आणि बाहेर सांगितलं. बोर्ड माझ्या ताब्यात होता, म्हणजे चूक माझी आहे. साहेबांनाही मी सांगून आले आहे.” मग मला पुढे केलंस. मी काय बोलले ते आठवत नाही. त्या बाईंनी दार लावून घेतलं एवढं आठवतं. साहेबांनी तुझ्या नावावर शेरा मारला आणि त्या वर्षीची तुझी बढती गेली, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

घरी येताना मी तणतणत म्हणाले होते, ते लोक तुला कप वेगळा ठेवतात, त्यांची कसली माफी मागायची? तू चालता चालता म्हणालीस, “कप त्यांचा आहे. बोर्ड माझा आहे.”

आता माझं सांगते. घोडेगावच्या शाळेतून मी निवृत्त झाले, पण स्वस्थ बसवत नाही. आठवड्यातून दोन दिवस आम्ही तिघी-चौघी बाजारपेठेमागच्या एका खोलीत बसतो. सासरी मार खाणाऱ्या, टाकून दिलेल्या बाया येतात, त्यांचे अर्ज लिहून देतो, सोबत जातो, पुष्कळदा नुसतं ऐकतो. शिनोलीहून येतात, पार तळेघरवरून एस्टी बदलत येतात. अशीच एक तळेघरची मुलगी आली होती, कडेवर दोन वर्षांची पोर घेऊन. नवऱ्याने तिचा हात दोनदा मोडला होता. आम्ही तिला दूरवर एका द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये काम मिळवून दिलं, राहायला खोली बघून दिली. तिने नवं सिमकार्ड घेतलं. तो नंबर फक्त माझ्याकडे होता. मी तो माझ्या मोबाइलमध्ये तिच्याच नावाने लिहून ठेवला. शिक्षिका ना मी, सगळं नीट लिहून ठेवायची खोड.

तीन आठवड्यांनी सकाळी तिचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

“म्याडम, त्याचा फोन आला व्हता. म्हनला, सापडलीस. नव्या नंबरावर मी लावलेला आमचा फोटो बी बघितलाय त्यानं, मागं शेडची पाटी दिसतीया. नंबर तर तुमच्याबिगर कुनापाशीच न्हाई. तुमी दिला का?”

मी नाही म्हणाले. तिने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि तिच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता. आमच्यातली एक जण त्याच दुपारी गाडी करून गेली आणि तिला व पोरीला दुसरीकडे हलवून आली. संध्याकाळी तो शेडवर पोचला होता. थोड्याच तासांचं अंतर, आई.

नंबर गेला कसा, याचा छडा मला स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात लागला. माझा जुना फोन तिथलाच होता. दुकानदार चांगला माणूस आहे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना फोन चालू करून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. फोन चालू करताना त्यात एक खातं उघडावं लागतं आणि त्याला परवलीचा शब्द लागतो.

“लोकांच्या ध्यानात कुठं ऱ्हातोय पासवर्ड?” तो म्हणाला. “दर आठ दिसांनी येत्यात, भाऊ, इसरलो. मंग मी एकच खातं काढलं आन् समद्यांच्या फोनात तेच टाकून देतो. लई सोपं पडतं बघा.”

“सगळ्यांच्या?”

“तुमच्या बी हाय की.”

त्याने स्वतःचा फोन उघडून नावांची यादी दाखवली. आई, आई, आई घर, आई नवीन. बैलांचे डॉक्टर. दाजी दूध. दाजी दूध बंद. महाळुंगे पडवळची मावशी. साऱ्या तालुक्याच्या नात्यागोत्याची एकच वही झाली होती. एकाने नंबर लिहिला की तो सगळ्यांच्या फोनात जाऊन बसायचा, आणि कोणी त्याचा विचारच केला नव्हता. त्यातच माझ्या बायांची नावं होती, माझ्या हाताने नीट लिहिलेली. त्या मुलीच्या नवऱ्याचा फोनही याच दुकानातला. त्याने बायकोचं नाव काढलं, तर खाली एकाच्या जागी दोन नंबर. कोणी चोरी केली नाही, कोणी फोडलं नाही. कळ पुढे राहिली होती, इतकंच. मी दुकानदाराला तिथेच बसवून ते समजावलं, तेव्हा त्याचा चेहरा पडला. “म्याडम, म्या तर मदत करत व्हतो,” म्हणाला. करतच होता. आता तो एकेकाला बोलावून खाती वेगळी करून देतो आहे.

मग मी त्या मुलीला भेटले. फोनवर सांगायचं धाडस नव्हतं असं नाही, पण ते समोर जाऊनच सांगायचं असतं हे माझ्या अंगात कुठून आलं ते तुला ठाऊक आहे. मी म्हणाले, “नंबर माझ्याच फोनमधून गेला. मी दिला नाही, पण गेला माझ्याकडूनच.” ती पोरीच्या केसांतला गुंता सोडवत राहिली.

“मला वाटलं, त्याची आई तुमच्याकडं येऊन रडली आसंल,” ती म्हणाली. “समदी त्या म्हातारीलाच भुलत्यात. बरं झालं सांगितलंत. पर आता नवा नंबर तुमाला बी देनार न्हाई. मीच करीन फोन. राग मानू नका.”

राग कसला यायचा. तिने शहाणपण केलं.

त्यानंतर मी नवा फोन बघायला पुण्याला गेले. लेकीने आधीच बजावलं होतं, “आई, कॅमेरा किती भारी ते बघू नकोस. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार ते विचार.” कुलपं जुनी झाली की चोरांना त्यांच्या किल्ल्या करता येतात, तसं या यंत्रांचं असतं. कंपनी अधूनमधून कुलूप बदलून पाठवते, त्याला अपडेट म्हणायचं. माझ्या जुन्या फोनला शेवटचं कुलूप तीन वर्षांपूर्वी आलं होतं. दुकानात एक चुणचुणीत मुलगी होती, तिने माझे पांढरे केस पाहून मोठ्या अक्षरांचा फोन पुढे केला.

“मावशी, हा घ्या. यात नातवंडांचे फोटो एकदम झकास येतात.”

“याला सुरक्षेचे अपडेट किती वर्षं?”

“येत राहतात ना, मावशी.”

“कुठे लिहिलं आहे?”

तिने खोक्याच्या चारही बाजू पाहिल्या. मग स्वतःच्या फोनवर कंपनीच्या साइटवर शोधलं. दोन वर्षं निघाली, त्यातलं एक सरलेलं. तो बाजूला ठेवला. असे तीन फोन बाजूला गेले. चौथ्याला अजून सहा वर्षं होती, दिसायला अगदी साधा, पाठीवर चकाकीसुद्धा नाही. तो घेतला. “मावशी, तुम्ही बँकेत होता का?” तिने विचारलं. मी म्हणाले, माझी आई एक्सचेंजमध्ये होती. तिला काही कळलं नाही, पण ती हसली.

खोकं घरी आणून उघडलं. खातं स्वतः काढलं, परवलीचा शब्द स्वतः ठरवला, कुलपाला सहा आकडे घातले, त्यात कोणाची जन्मतारीख नाही. मग एकेक ॲप तपासत बसले, कोण काय मागतं ते. अंधारात उजेड पाडणाऱ्या बॅटरीच्या ॲपला माझ्या ओळखीच्यांची यादी हवी होती. एका पंचांगाला माझा आवाज ऐकायचा होता. मी एकेकाला नाही म्हणत गेले. प्रत्येक नकाराबरोबर पडद्यावरचा छोटा खटका मागे सरकायचा, आणि सबंध दुपार मी तुझ्या स्टुलावर बसले आहे असं वाटत राहिलं. मला हे एकदा करताना दमायला झालं. तू आयुष्यभर करत होतीस, रोज, कोणी न सांगता, ज्यांनी तुला घरात घेतलं नाही त्यांच्यासाठीसुद्धा. तुला हे मी कधी म्हटलं नाही. सुट्टीत घरी आले की तुला सिस्टरांच्या गोष्टी सांगायचे, त्या किती शिस्तीच्या, किती सचोटीच्या. तू भाकरी थापत ऐकून घ्यायचीस.

हे सगळं कागदावर लिहिते आहे. तुला वाचून दाखवलं की चुलीत घालीन, कारण यात त्या मुलीचं फार आहे.

ती अधूनमधून फोन करते. पोर बोलायला लागली आहे, मागून तिची बडबड ऐकू येते. फोन आला की नंबर पडद्यावर दिसतोच, त्याला इलाज नाही. बोलणं झालं की मी तो लगेच पुसून टाकते, तसं तिला सांगितलंही आहे, आणि ती म्हणाली, “आता झ्वाप लागती मला.” पण परवा तिसऱ्यांदा पुसताना लक्षात आलं, आई, की तो नंबर मला पाठ झाला आहे. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.