सिंकखालची टपटप

४ मार्च

अंगठी कोणत्या हातात? सकाळपासून हाच घोळ! नायिका म्हणते उजव्या. मी पहिल्या भागाचे फोटो पुढे केले — डाव्या. सिनेमाचा दुसरा भाग दोन वर्षांनी निघालाय, पण गोष्टीत मधे एकच रात्र गेलीय. बंगल्यातली मुलगी, प्लंबरचा मुलगा, लग्न ठरलेलं. आता दोन्ही घरं समोरासमोर येणार. नायकाचं पोट मात्र त्या एका रात्रीत भलतंच सुटलंय. त्याला मी काय करू?

माझं काम एवढंच — काल कप जिथे होता तिथेच आज असला पाहिजे. आधी फोटो, मग शॉट. खोडच लागलीय. घरी पाहुणे यायचे असले तरी मांडलेल्या टेबलाचे फोटो काढते. आई म्हणते, "पाहुण्यांनी ताट हलवलं तर ओरडशील का गं त्यांना?"

गंमत म्हणजे, पहिल्या भागाच्या वेळी नायकाला पाना धरायला शिकवायला जो खरा प्लंबर आला होता, त्याच्याशीच माझं लग्न ठरलंय! अंगठी डाव्याच हातात.

६ मार्च

नायकाने दिवसभर पोट आत ओढून धरलं. त्यामुळे संवाद काही बाहेर पडेनात.

९ मार्च

नवा सीन हातात आला आणि वाचता वाचता कान तापले. बंगल्यात दोन्ही घरांचं जेवण. सगळे गप्प. सिंकखाली टपटप. मुलाचा बाप ताटावरून उठतो, गळ्यात रुमाल तसाच, आणि सिंकखाली शिरतो!

हे आमच्या घरचं आहे. गेल्या महिन्यातलं. माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे आईवडील पहिल्यांदाच जेवायला आले होते. बाबा कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे, त्याच्या वडिलांचं — अण्णांचं — नळदुरुस्तीचं दुकान. बोलणार काय? हवा झाली, उकाडा झाला, संपलं. सगळे चमच्यांकडे बघत बसलेले. आणि आत टपटप. अण्णा उठले ते थेट सिंकखाली. दहा मिनिटांनी बाहेर आले, गळ्यात रुमाल, हात कोपरापर्यंत ओले, आणि म्हणाले, "हं, आता बोला!" मग मात्र चार वाजेपर्यंत कुणी उठेना.

हे मी मेकअपच्या खोलीत सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, गळ्यात टॉवेल अडकवून टेबलाखाली शिरून करून दाखवलं. सगळ्यांची हसून हसून पुरेवाट. लेखकमहाशयही कोपऱ्यात चहा पीत बसले होते.

मीच माझ्या पायावर धोंडा मारून घेतला.

१० मार्च

लेखकाला गाठलं. "अहो, नाव कुठे घेतलंय कुणाचं?" — आणि हसला. होणाऱ्या नवऱ्याला सांगू का? नको. सिनेमा यायला वर्ष आहे. तोपर्यंत बघू.

१३ मार्च

वर्ष कसलं! आजच!

सिंकचा सीन, तेव्हा खरा प्लंबर हवा, म्हणून प्रॉडक्शनवाल्यांनी नेहमीच्या माणसाला, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्यालाच, फोन केला. तो आला. बरोबर अण्णाही! "मलाही बघू दे की तुमचं शूटिंग." इस्त्रीचा शर्ट घालून आलेले.

मी वहीत तोंड खुपसून बसले. तालीम सुरू झाली. बापाचं काम करणारा नट गळ्यात रुमाल अडकवून रांगत सिंकखाली गेला, वरून पाण्याचा फवारा, सगळं युनिट खो खो हसतंय. दिग्दर्शक ओरडतोय, "आणखी वेंधळा करा!" होणारा नवरा माझ्याकडे बघत होता. नुसता बघत होता.

अण्णा शांतपणे पुढे गेले. "आधी खालचा व्हॉल्व्ह बंद करायचा. मग पाणी अंगावर येत नाही."

दिग्दर्शक म्हणाला, "काका, अंगावर यायला हवंय! तीच तर मजा आहे."

"माझ्या नव्हतं आलं," अण्णा म्हणाले.

दोघं निघाले. जाताना तो एवढंच म्हणाला, "आम्ही तुला विनोदी वाटतो का?" खरंच लाज वाटली, आत्ता लिहितानाही वाटतेय.

१४ मार्च

तो फोन उचलत नाही. अंगठी काढली. घातली. परत काढली. आता कुठे आहे — डबीत.

१५ मार्च

दुकानात गेले. जीव मुठीत धरून. अण्णा एकटेच वॉशर निवडत बसले होते. मी माफी मागितली. रडूही आलं, काय करणार. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"रुमाल काढायला विसरलो होतो खरा," म्हणाले. मग वॉशरकडे बघतच — "एक सांगू? तुमच्याकडे बिघाड काही नव्हताच. पाइपाचा नट कुणीतरी मुद्दाम सैल केला होता. तेही चुकीच्या मापाच्या पान्याने. कोपरे पार खरवडलेले, ताजे."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलू कशाला? त्या खुर्चीत जीव गुदमरत होता माझा. कुणीतरी उठायला निमित्त दिलं. मी उठलो."

पण कोण? आईला पाना म्हणजे काय ते ठाऊक नाही. बाबांना तर साधा खिळा ठोकता येत नाही! अण्णांचा काहीतरी गैरसमज झालाय.

तेवढ्यात तो मागच्या खोलीतून आला. "तू सांगितलंस त्याचं काही नाही गं. नक्कल केलीस ना, ते लागलं." मी म्हटलं, लग्नाचं काय? म्हणाला, "बघू." हा 'बघू' मला मुळीच आवडला नाही.

१७ मार्च

त्या जेवणाच्या दिवशी, पाहुणे यायच्या आधी घेतलेले टेबलाचे फोटो काढून बघितले. चौथ्यात, मागे, स्वयंपाकघराच्या दारात बाबा पाठमोरे. कपाळावरचा घाम नाही, कोपरावरचं पाणी पुसतायत. मागच्या खिशातून नवाकोरा पाना डोकावतोय, दुकानाची चिठ्ठीसुद्धा तशीच!

फोटो त्याला पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही.

पाच मिनिटांत उत्तर आलं : "अण्णा तुझ्या बाबांना दुकानात बोलावतायत. म्हणाले, व्याह्यांना बरोबर मापाचा पाना माझ्याकडून."