बिनमेणाचा पिकअप

आदरणीय दादासाहेब यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत हे पहिल्या ओळीतच विचारून घेतो. पुढे ओघात राहून गेले तर ही म्हणेल, माझ्या भावाची चौकशी करायला तुम्हाला भाषणातून सवड मिळेल तेव्हा ना! वहिनींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. आमच्याकडे सर्व क्षेम. माझा रक्तदाब डॉक्टरांच्या मते जास्त आहे आणि माझ्या मते जगाची एकंदर अवस्था पाहता फारच कमी आहे.

आता मुद्द्यावर येतो. (सभेत मी हे वाक्य उच्चारले की लोक घड्याळाकडे बघतात. तुम्ही बघू नका.) मुद्दा आहे हिच्या गिटारचा. तीच ती लाल, खालच्या कडेला टवका उडालेली इलेक्ट्रिक गिटार. तुम्ही ड्रम वाजवत होता आणि ही दंतवैद्यकाच्या कॉलेजातून पांढरा कोट घडी करत थेट स्टेजवर यायची, त्या काळातली. पुढे हिचा दवाखाना सुरू झाला, गिटार कपाटावर गेली आणि हिने उभी हयात लोकांची तोंडे उघडण्यात घालवली. (मी माझी उभी हयात स्वतःचे तोंड न मिटण्यात घालवली. एकूण घरात समतोल राहिला.) आता दवाखाना बंद झाला, तुमच्या जुन्या ग्रुपने पुन्हा एकदा कार्यक्रम करायचा ठरवला, तुमच्या गुडघ्यांमुळे ड्रमवर नवा माणूस आला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ठाऊक नाही ते असे, की हिने गिटार खाली काढली, धूळ पुसली, नव्या तारा चढवल्या, एकदा हात फिरवला आणि ती परत पेटीत ठेवून दिली. म्हणाली, "ही माझी नाही."

झाले होते असे. मधल्या काळात कुणा शहाण्याने हिला पटवून मूळचे पिकअप काढायला लावले होते आणि दणदणीत आवाजाचे नवे बसवून दिले होते. (वहिनी हे पत्र वाचतीलच, म्हणून सांगतो: पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेले लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर तार थरथरली की खाली वीज थरथरते, आणि ती अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाज होऊन बाहेर पडते. गिटारचे कानच म्हणा ना.) नव्या पिकअपांचा आवाज मोठा होता, भरघोस होता, मला तर आवडला. पण हिने तो ऐकताना जो चेहरा केला, तो मी पूर्वी फक्त दुसऱ्या दंतवैद्याने भरलेला दात पाहताना पाहिला आहे. जुना सूर परत आला तर मी स्टेजवर चढेन, नाहीतर माझ्या जागी कुणीतरी शोधा, असे हिने ग्रुपला कळवून टाकले. दादासाहेब, हिने आयुष्यात स्वतःसाठी हट्ट धरलेला मी हा पहिलाच पाहिला.

आणि मी काय केले? मी विरोध केला. तुम्ही माझी मते जाणता. भूतकाळाची पूजा हा समाजाला जडलेला रोग आहे, हे मी कारखान्यांच्या फाटकांवर, वाचनालयांत, एकदा तर एका लग्नातही ठणकावून सांगितले आहे. माझ्याच घरात, माझ्याच जेवणाच्या टेबलावर जुन्या सुराची आरती ओवाळली जाणार? मी उभा राहिलो. इतिहासाचे दाखले दिले, तत्त्वज्ञांना साक्षीला बोलावले, ज्या ज्या समाजांनी मागे पाहिले त्यांचे काय झाले ते सांगितले. हिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, "तुमची कवळी मी तुमच्या जुन्या दातांच्या मापाची बनवली, तेव्हा हे बोलला नव्हतात." त्यावर माझ्याकडे उत्तर होते, पण ते त्याच कवळीतून द्यावे लागले असते.

मग आम्ही पिकअपवाल्याकडे गेलो. हा गृहस्थ विजेच्या मोटारींचे वाइंडिंग करता करता गिटारच्या पिकअपांकडे वळला आणि आता स्वतःला या क्षेत्रातला शेवटचा जाणकार समजतो. समजतो म्हणजे, तसे सांगतो. आम्ही खुर्चीवर बसायच्या आत त्याने दोनदा सांगितले. मला समोर आपल्याच जातीचा वक्ता भेटल्याचा आनंद झाला, पण तो मला बोलू देईना, त्यामुळे आनंद टिकला नाही. त्याने आधी एक जोडी दाखवली. वरची झाकणे पिवळट, स्क्रू गंजलेले. मी म्हटले, फारच जुनी दिसते. तो अभिमानाने म्हणाला, "गेल्या आठवड्यात बनवली साहेब, गंज मी स्वतः चढवला." दादासाहेब, माझे रक्त उसळले! बनावट गंज! खोटा भूतकाळ विकत घेणाऱ्या समाजाचे भवितव्य काय, असा सवाल मी त्या दुकानात केला, इतक्या जोरात, की शेजारच्या शिलाईवाल्याचे मशीन थांबले. हिने मात्र माझ्या भाषणाच्या आडून ती जोडी वाजवून घेतली, मान हलवली आणि त्याला म्हणाली, "गंज नको, चुंबक कमी ताकदीचा द्या, आणि तार हाताने गुंडाळा. वेढे इतके शिस्तीत नकोत." पिकअपवाल्याने पहिल्यांदाच स्वतःबद्दल न बोलता हे लिहून घेतले. मग त्याने विचारले, मेणात बुडवून देऊ का तसेच? बुडवले की वेढे घट्ट बसतात; तसेच ठेवले की सूर मोकळा, पूर्वीसारखा, पण पिकअप जरा जास्तच ऐकतो. घरात कुणी मोठ्याने बोलत नाही ना?

हिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "मेण नको."

पिकअप घरी आले आणि त्या दिवशी मी जे पाहिले, त्याबद्दल लिहिण्यासाठीच खरे तर हे पत्र आहे. तुमची बहीण डोळ्यांवर दवाखान्यातला भिंगाचा चष्मा चढवून टेबलाशी बसली. गिटार उताणी, खाली पांढरा टॉवेल, बाजूला दात कोरायच्या हत्यारांची रांग. हिने गिटारच्या पोटातली पट्टी उघडली, आत डोकावली आणि सवयीने म्हणाली, "दुखलं तर हात वर करा." हात स्थिर, श्वास मंद, सोल्डरचा एकेक थेंब मोत्यासारखा. मी मोठमोठ्या माणसांना मोठमोठी कामे करताना पाहिले आहे, त्यांच्यावर बोललो आहे, पण आपल्याला काय हवे आहे हे इतके नेमके माहीत असलेला माणूस मी पाहिलेला नाही. मला हिने एकच काम दिले होते: टॉर्च धरायचा आणि मागितली ती वायर द्यायची.

तेवढ्यात माझ्याकडून एक चूक झाली. मी त्या वेळी आमच्या कामगार चळवळीतल्या फुटीबद्दल बोलत होतो. (दोन गट, दोन्ही आपलेच, गेली कित्येक वर्षे एका मंचावर येत नाहीत. तुम्हाला मी हे सांगितले आहे.) बोलण्याच्या भरात, एका पिकअपसाठी हिने काळी वायर मागितली तेव्हा मी पांढरी दिली आणि पांढरी मागितली तेव्हा काळी. हिनेही, माझ्यावर विश्वास ठेवून, न पाहता जोडली. पट्टी बंद झाली, गिटार उभी राहिली. वरचा पिकअप एकटा वाजवला, उत्तम. खालचा एकटा वाजवला, उत्तम. दोन्ही एकत्र लावले, तर आवाज असा आला, जणू कुणी नाक धरून गातेय. मी म्हटले, माल खोटा निघाला. ही म्हणाली, "माल खरा आहे. दोघेही बरोबरच बोलताहेत, पण एकमेकांच्या विरुद्ध दिशेने, त्यामुळे एकमेकांना खाताहेत. एकाच्या वायरी उलट करायच्या की झालं." दादासाहेब, आमच्या चळवळीचे इतके अचूक निदान मी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही. मी ते लिहून घेईपर्यंत हिने वायरी बदलल्यासुद्धा.

आणि मग हिने वाजवले.

मी सूर जाणत नाही, तुम्ही जाणता, म्हणून घाबरत लिहितो. आधीच्या पिकअपांचा आवाज भिंतीसारखा होता, हा खिडकीसारखा. तारेला नख लागल्याचेही ऐकू येत होते, बोट सरकल्याचेही. गोड होता, पण गुळगुळीत नव्हता. आणि हिचा चेहरा! केस पांढरे, नाकावर भिंग, पण खालच्या ओठाची ती मुडप मी ओळखली. ती मी सभागृहाच्या मागच्या रांगेतून पाहिली होती, हिचे नावही माहीत नव्हते तेव्हा. माझा सिद्धांत त्याच क्षणी कोसळला. म्हणजे कोसळला नाही, पण मी त्यात दुरुस्ती केली: भूतकाळाची पूजा वाईट, पण आपले काढून घेतलेले परत मागणे हा हक्क आहे, आणि हक्कासाठी लढलेच पाहिजे!

हे शेवटचे वाक्य मी उभा राहून, गिटारपासून हातभर अंतरावरून मोठ्याने म्हणालो. आणि अ‍ॅम्प्लिफायर म्हणाला, "लढलेच पाहिजे."

माझा आवाज! किंचित पत्र्याचा, किंचित दुरून आल्यासारखा, जुन्या सभेतल्या कर्ण्यासारखा, पण माझा. पिकअप जास्तच ऐकतो, याचा अर्थ तेव्हा कळला. मी हरखून आणखी दोन-चार घोषणा दिल्या. (अतिशय सुंदर आल्या. माझ्या आवाजाला इतका जुना, इतका भारदस्त सूर कधीच मिळाला नव्हता.) हिने गिटारची वायर उपटली आणि डोके धरून बसली. कार्यक्रमाचे सभागृह लहान, स्टेज बुटके, पहिली रांग गिटारच्या पुढ्यातच. पहिल्या रांगेत मी.

मी तिथल्या तिथे मौनाची शपथ घेतली. तालमीत ती पाळूनही दाखवत होतो. हात मांडीखाली, ओठ आत. संथ गाणे सुरू होते, ही डोळे मिटून वाजवत होती, मीच काय, नवा ड्रमवालाही हळवा झाला होता. तेवढ्यात कीबोर्डवाले शेजाऱ्याला हळूच म्हणाले, की काही म्हणा, त्या काळी लोकांना शिस्त होती. आता तुम्हीच सांगा, असे विधान अनुत्तरित सोडता येते का? मी उत्तर दिले. ते उत्तर, त्यातल्या आकडेवारीसकट, गाण्याच्या सर्वांत नाजूक जागी गिटारमधून बाहेर आले. कीबोर्डवाले म्हणतात, तालात होते. हिने गाणे तिथेच थांबवले.

असो. लिहायचे एवढेच, की तुमची बहीण हा या घरातला सर्वांत मोठा माणूस आहे, आणि हे मी कुठल्याही व्यासपीठावरून सांगायला तयार आहे. वहिनींना नमस्कार. गुडघ्यांना जपा.

तुमचा,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. एक लहानशी विनंती राहिली. हिने पिकअप परत उघडून मेणात बुडवायचे ठरवले आहे. मेणाची हिला सवय आहे, कवळ्यांची मापे मेणातच घ्यायची. पण बुडवले की सूर थोडा मिटेल, हे हिनेच कबूल केले. माझ्या तोंडापायी हिने तो सूर सोडावा, हे मला सहन होत नाही. तुमच्या शब्दाला हिच्यापाशी वजन आहे. "तो गप्प बसेल, मी हमी देतो," एवढी एकच ओळ हिला लिहा. तुमचा यावर विश्वास नसेल, तरी लिहा.

ता. क. दुसरा. पाकीट खिशातच राहिले आणि आता वरची विनंती रद्द समजावी. आज सकाळी हिने स्वयंपाकघरात पाण्याच्या भांड्यात मेणाचा डबा ठेवला, मेण वितळवले आणि दोन्ही पिकअप त्यात सोडले. मी पाया पडायचेच काय ते बाकी होते. म्हटले, अगं, त्या सुरासाठी इतके केलेस, मी खरेच गप्प बसेन. ही बुडबुड्यांकडे बघत म्हणाली, "तेच तर नको आहे. मी वर बघणार आणि तुम्ही समोर तोंड दाबून बसलेले. मला वाटेल, मी वाईट वाजवतेय." मग म्हणाली, "त्या दिवसांत मागच्या रांगेतून एक माणूस दर वेळी भलत्याच जागी 'वा!' म्हणून ओरडायचा. मला वाटायचं, केवढा दर्दी आहे. लग्नानंतर कळलं, काही कळत नाही ह्याला. पण तोवर सवय झाली होती." सूर किती मिटला, असे मी भीत भीत विचारले. पिकअप निवल्यावर परत बसवून हिने वाजवून पाहिले. म्हणाली, "थोडा. तुम्ही भरून काढा."

ता. क. तिसरा, आणि हा हिला दाखवू नका. गुडघे कसेही असोत, तुम्ही कार्यक्रमाला याच. पहिल्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची तुमच्यासाठी धरून ठेवतो. तुम्हाला ताल कळतो, मला कळत नाही. भलत्या जागेची हिला सवय आहे हे खरे, पण आयुष्यात एकदा तरी बरोबर जागी ओरडावे असे मला फार वाटते. जागा आली की मला कोपराने ढोसा. मात्र जोरात ढोसा. हिच्याकडे बघत असलो की माझे दुसरीकडे लक्ष नसते.